ट्रूबादोर आणि ग्रॅच्युइटी

'करिअर' हा शब्द आमच्या घराण्यात फार उशिरा आला. त्याआधी फक्त 'नोकरी' होती. नोकरीला लागणं, नोकरीत कायम होणं आणि नोकरीतून निवृत्त होणं असे तिचे तीन संस्कार असत आणि ते मुंज, लग्न आणि साठीशांत यांच्या जोडीनं यथासांग पार पडत. आमचे वडील एका कचेरीत चौतीस वर्षं एकाच टेबलामागे बसले. टेबल शेवटपर्यंत बदललं नाही. खुर्ची एकदा बदलली, तेव्हा घरी येऊन ते आईला म्हणाले होते, "आता कचेरीत पूर्वीची मजा राहिली नाही." मीही एकतीस वर्षं काढली. शेवटी शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण (त्यात माझं नाव दोनदा चुकलं) आणि ग्रॅच्युइटीचा चेक. त्यामुळे करिअर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फूटपट्टीनं आखलेली एक लांबलचक सरळ रेघ येते आणि रेघेच्या टोकाला नारळ.

अशा माणसाला कुणी एका वेल्श जोडीचं करिअर समजावून सांगायला बसू नये. पण आमची भाची बसली. ती कार्डिफला दोन वर्षं शिकायला होती. तिथून येताना लोक स्वेटर आणतात, चॉकलेटं आणतात. हिनं गाणी आणली. म्हणजे आणली असंही म्हणता येत नाही, कारण ती फोनमध्येच होती. हल्ली सगळंच फोनमध्ये असतं. पिशवीत काही नसतं.

"मामा, हे ऐक. ट्रूबादोर."

स्क्रीनवर मी नाव वाचलं. इंग्रजी अक्षरं होती, पण टी, आर, डब्ल्यू, बी अशी चार व्यंजनं गर्दीच्या लोकलमध्ये उभी राहावीत तशी एकमेकांना चिकटून उभी होती. स्वराला पाय ठेवायला जागा नव्हती.

"यात 'ऊ' कुठंय?" मी विचारलं.

"डब्ल्यू म्हणजेच ऊ. वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वर आहे. एकूण सात स्वर आहेत त्यांच्यात."

सात हा आकडा ऐकल्यावर मला त्या भाषेबद्दल एकदम आपुलकी वाटली. पुढे भाचीनं सांगितलं, की ट्रूबादोर म्हणजे मध्ययुगात दक्षिण फ्रान्समध्ये प्रेमाची गाणी रचून गाणारे जे ट्रुबदूर कवी होते, त्यांच्याच नावाचा वेल्श उच्चार. जोडी पश्चिम वेल्समधल्या कार्मार्थनशायरची. अंग्हाराद वॅन रायस्वायक गाणारी आणि ओवाइन ग्विलिम गिटार वाजवणारा. २०१० साली त्यांनी सुरुवात केली.

वेल्शची खरी गंमत पुढेच आहे. आपल्या मराठीत शब्दाची शेपटी बदलते. घोडा, घोड्याला, घोड्यावर. घोड्याचं तोंड मात्र सुरक्षित असतं. वेल्शमध्ये तोंडच बदलतं. कार्डिफचं वेल्श नाव 'काइरदीद'. पण कार्डिफला जायचं तर 'गाइरदीद', कार्डिफमध्ये राहायचं तर 'ङ्हाइरदीद' आणि नुसतं 'आणि कार्डिफ' म्हणायचं तरी 'खाइरदीद'. भाचीनं मला तोच नियम पुण्याला लावून दाखवला. म्हणजे मी 'बुण्याला' गेलो, 'म्हुण्यात' राहिलो, मुंबई 'आणि फुणे' या दोन गावांत नोकरी केली. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही आधीच पत्ता विसरता. त्यात हे नको."

तर अशा या भाषेत, आणि तितक्याच सहजपणे इंग्रजीतही, ही जोडी गाते. गाणं सुरू झालं. गिटार वाजू लागली, तीही अगदी बेतानं, बोटांच्या टोकांनी. मग ती मुलगी गाऊ लागली. शेजारच्या खोलीत कुणीतरी नुकतंच झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशा बेतानं. मी म्हटलं, छान, अंगाईगीत आहे. एवढ्यात मागून टिक्-टुक्-टिक् असं काहीतरी सुरू झालं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग नळाकडे. मग गाणाऱ्या बाईचाच आवाज तुकडे होऊन परत आला. 'आ' एका कानात, 'हा' दुसऱ्या कानात.

"फोन बिघडला का गं?"

"नाही मामा. हेच संगीत आहे. फोकट्रॉनिका म्हणतात. लोकसंगीत अधिक इलेक्ट्रॉनिक."

ही पद्धत ऐकायला अजब असली तरी करायला आपल्या चिवड्यासारखी आहे. कुठलाही आवाज टिपायचा. गिटारचा, घंटीचा, टाळीचा, स्वतःच्या श्वासाचा. संगणकावर त्याचा नखाएवढा तुकडा कापायचा. तो पुन्हा पुन्हा वाजेल असा फिरता ठेवायचा, की झाला ताल. तोच तुकडा वरच्या पट्टीत नेला की झाला सूर. उलटा वाजवला की आणखी तिसरंच काहीतरी. पूर्वी ज्यासाठी मोठा स्टुडिओ, दहा वादक आणि त्यांना दर तासाला चहा लागे, ते आता दोन माणसं घरात बसून करतात. चहाही आपापला करतात. ट्रूबादोरची गाणी तशीच घरगुती. त्यांच्या २०१० च्या पहिल्या छोट्या तबकडीचं नावच 'इट स्नोड अ लॉट धिस इयर', म्हणजे 'यंदा बर्फ फार पडलं'. मावशीनं पोस्टकार्डावर खुशाली लिहावी तसं. २०११ ची 'सन इन द विंटर', म्हणजे थंडीतलं ऊन. हवामानाखेरीज इंग्रज माणसाला विषय नसतो असं आपण ऐकलेलं असतं. वेल्श माणसानं निदान त्याचं गाणं केलं.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. आवाज ऐकून ते आलेच. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला.

"गळा बरा आहे. पण लोकसंगीतात यंत्र म्हणजे विटंबना. परंपरा आहे की नाही काही?"

हेडमास्तर रोज पहाटे भजन म्हणतात आणि त्यांच्यामागे जो तंबोरा वाजतो तो भिंतीतल्या प्लगला लावलेला असतो, ही गोष्ट मी त्यांच्या वयाला मान देऊन काढली नाही. भाचीला असला संकोच नव्हता. पण तिनं प्लगाचा विषय न काढता वेल्सचाच काढला.

वेल्सचं राष्ट्रीय वाद्य कुठलं, तर हार्प. त्यातही खास वेल्श म्हणून जिचा अभिमान, ती तारांच्या तीन रांगांची हार्प. ही मूळची इटलीची. सतराव्या शतकात ती लंडनमार्गे वेल्समध्ये आली. तिथल्या वादकांनी तिला खांद्यावर घेतली ती खाली ठेवलीच नाही. इटलीनं ती टाकून दिली, वेल्सनं सांभाळली आणि यथावकाश ती 'आमची प्राचीन वेल्श हार्प' झाली. बटाटा उपासाला चालू लागला त्यातलाच प्रकार.

आणखी मोठी गंमत आयोलो मोर्गानुग याची. हा गवंडी. दगड घडवणं हा धंदा आणि जुन्या कविता घडवणं हा छंद. चौदाव्या शतकात दाविद आप् ग्विलिम नावाचा वेल्शमधला थोर प्रेमकवी होऊन गेला. त्याच्या कवितांचं पुस्तक १७८९ साली निघालं, तेव्हा आयोलोनं 'नव्यानं सापडलेल्या' म्हणून काही कविता संपादकांकडे दिल्या. त्या सापडल्या नव्हत्या, त्यानंच लिहिल्या होत्या. आणि लिहिल्या इतक्या झकास, की शंभरावर वर्षं विद्वान त्यांचं रसग्रहण करत होते. पुढे १७९२ साली त्यानं लंडनच्या प्रिमरोज हिलवर दगडांचं रिंगण मांडून कवींचा एक 'प्राचीन' विधी सुरू केला. तोही त्याच्याच डोक्यातून निघालेला. १८१९ साली कार्मार्थन गावात आयस्टेद्वॉद भरलं. आयस्टेद्वॉद म्हणजे काव्य आणि गायनाचं त्यांचं संमेलन. तिथं एका खाणावळीच्या बागेत आयोलोचा विधी या संमेलनाला जोडला गेला. आजही राष्ट्रीय आयस्टेद्वॉदमध्ये झगे घातलेले कवी तो गंभीर चेहऱ्यानं पाळतात. आणि डोळे भरून येतात लोकांचे! मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. सव्वादोनशे वर्षं लोकांनी मनापासून पाळल्यावर खोटं तरी किती दिवस खोटं राहणार?

"म्हणजे त्या गावची परंपराच मुळी गवंड्यानं बांधलेली," हेडमास्तर म्हणाले.

"हो ना काका. आणि ट्रूबादोर त्याच जिल्ह्यातले. त्यांनी फक्त थापी सोडून लॅपटॉप घेतला."

याच कार्मार्थनमध्ये एक ओक वृक्ष होता. जादूगार मर्लिनशी त्याचं नातं सांगत. हे झाड पडेल त्या दिवशी गाव पडेल, अशी त्याच्याबद्दल भविष्यवाणी होती. एकोणिसाव्या शतकातच झाड मेलं. गाव घाबरलं. नगरपित्यांनी काय करावं? मेलेल्या बुंध्यात सिमेंट भरलं, भोवती लोखंडी कठडा घातला आणि झाड उभं ठेवलं. कित्येक पिढ्या तो सिमेंटचा ओक भर रस्त्यात रहदारीला आडवा उभा होता. अखेर १९७८ साली तो काढला. एक तुकडा संग्रहालयात ठेवला. गाव अजून जागच्या जागी आहे.

हा ओक माझ्या डोक्यातून जाईना. कारण आपण भाषेचं बहुधा हेच करतो. तिच्यात आदराचं सिमेंट भरतो, भोवती कठडा घालतो आणि कुणी हात लावला की ओरडतो. वेल्श भाषेला हात लावणारे मात्र वेगळ्याच जातीचे भेटले. १८४६-४७ साली वेल्सच्या शाळांची चौकशी करायला लंडनहून तीन साहेब आले. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. त्यांनी अहवाल लिहिला, की ही भाषा लोकांच्या प्रगतीच्या आड येते. त्या शतकात काही शाळांमधून वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. पुढं दुसरा कुणी वेल्श बोलताना सापडला की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ती ज्याच्या गळ्यात असे त्याला छडी. हे ऐकताना हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

१९११ च्या शिरगणतीत वेल्समधले शेकडा ४३ लोक वेल्श बोलत होते. २०२१ साली १७.८, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. आपल्याकडे एवढी माणसं एखाद्या मोठ्या जत्रेला जमतात. कार्मार्थनशायर म्हणजे भाषेचा बालेकिल्ला. तिथं २००१ साली निम्म्याहून थोडे जास्त, ५०.३ टक्के लोक वेल्श बोलत. २०११ ला ४३.९. २०२१ ला ३९.९. ट्रूबादोर ज्या दशकात घरात बसून गाणी जोडत होते, त्याच दशकात खिडकीबाहेर भाषा शंभरातली चार माणसं हरवत होती.

लढणारे लढलेच. साँडर्स लुईसनं १९६२ साली रेडिओवरून भाषेच्या भवितव्यावर भाषण केलं आणि तरुण पोरं रस्त्यावर उतरली. याच कार्मार्थनमधून १९६६ साली ग्विनवॉर एव्हान्स निवडून आले, वेल्श राष्ट्रीय पक्षाचे पहिले खासदार. पुढे सरकारनं वेल्श दूरदर्शन वाहिनीचं वचन फिरवलं, तेव्हा १९८० साली त्यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं आणि १९८२ च्या नोव्हेंबरात वाहिनी सुरू झाली. रस्त्यावरच्या पाट्याही दुभाषी झाल्या. आता सरकारी पाटी म्हटली की सरकारी गंमत आलीच. २००८ साली स्वान्सीच्या नगरपालिकेनं एका पाटीचा मजकूर भाषांतराला ई-मेलनं पाठवला. वेल्शमध्ये ताबडतोब उत्तर आलं. ते त्यांनी जसंच्या तसं पाटीवर रंगवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, जड वाहनांना प्रवेश बंद. खाली वेल्शमध्ये लिहिलं होतं, मी सध्या कचेरीत नाही, भाषांतराचं काम असल्यास पाठवावे.

एकतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस म्हणून सांगतो, इतकी प्रामाणिक सरकारी पाटी मी दुसरी पाहिलेली नाही.

पण पाटीमुळे भाषा फार तर दिसते. घरात ती ऐकू यायला कुणीतरी काहीतरी गुणगुणावं लागतं. १९८० च्या दशकात ब्लायनाय फेस्टिनियोग या पाटीदगडाच्या खाणींच्या गावच्या अशाच एका जोडीनं, 'खुइबर खाइथोग' म्हणजे 'आकाशगंगा' या नावानं, वेल्शमध्ये रॅप सुरू केला. २००० साली सुपर फरी अ‍ॅनिमल्स या नावाजलेल्या मंडळींनी 'मूंग' हा संपूर्ण वेल्श अल्बम काढला आणि तो ब्रिटनच्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेला. ट्रूबादोर तितके मोठे कधीच नव्हते. त्यांनी भाषेच्या नावानं उपोषण केलं नाही, घोषणा दिली नाही. एक गाणं वेल्शमध्ये, दुसरं इंग्रजीत, जशी जिभेवर आली तशी. उद्या भाषा जगणार आहे की नाही, या चिंतेचा सूरच नाही त्यांच्या गाण्यात. ज्या भाषेत माणसाला टिक्-टुक् करत खेळावंसं वाटतं, तिच्यात अजून सिमेंट भरायची वेळ आलेली नाही, असं मला ती ऐकताना वाटलं.

"मग पुढे काय झालं त्यांचं?" हेडमास्तरांनी विचारलं. करिअरचा प्रश्न अखेर आलाच.

"२०१३ ला पहिला अल्बम, त्याचं नावही ट्रूबादोरच. २०१४ ला दुसरा, 'सेव्हरल वुल्व्ज'."

"म्हणजे अनेक लांडगे. आणि मग?"

"मग काही काळानं दोघांचे रस्ते वेगळे झाले. अंग्हारादनं 'अक्यू' या नावानं एकटीनं गायला सुरुवात केली. २०१८ ला तिचा 'एको द रेड' आला."

"म्हणजे जेमतेम चार-पाच वर्षं आणि दोन अल्बम!" हेडमास्तर हळहळले. "कायम व्हायच्या आतच सोडली म्हणायची."

मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या वेळच्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग पाच वर्षांची अट होती. ती पुरी केली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. त्या हिशेबानं ट्रूबादोर अगदी थोडक्यात हुकले. शाल नाही, श्रीफळ नाही, साहेबांचं भाषण नाही. त्यांना मिळालं काय? दोन अल्बम आणि चार तबकड्या-तुकड्या. आणि मला एकतीस वर्षांचं काय मिळालं, याचाही विचार केला. ग्रॅच्युइटी मिळाली. तिच्यात बाथरूमला फरशी बसली. फरशी चांगली आहे. पण कार्डिफहून आलेल्या कुणा पोरीनं ती हजारो मैलांवरच्या आपल्या मामाला मुद्दाम नेऊन दाखवावी, असं अजून झालेलं नाही.

करिअर किती वर्षांचं, हे मोजायला आपल्याला सोपं जातं, कारण कॅलेंडर भिंतीवरच असतं. त्या जुन्या फ्रेंच ट्रुबदूर कवींची नोकरी किती वर्षांची होती, हे आता कोण विचारतं? दाविद आप् ग्विलिम कुठल्या हुद्द्यावरून निवृत्त झाला? गाणी पुरली म्हणजे झालं.

वेल्श सरकारनं २०५० पर्यंत भाषकांची संख्या दहा लाखांवर न्यायचं ठरवलंय. नेतील न नेतील. पण नेलीच, तर आणखी शंभर वर्षांनी कार्मार्थनच्या एखाद्या बागेत आयस्टेद्वॉद भरलेलं असेल. झगे घातलेले कवी रिंगणात उभे असतील. मधोमध मखमलीच्या उशीवर एक लॅपटॉप ठेवलेला असेल. आणि पलीकडे काही पोरं, आज ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही असलं काहीतरी यंत्र घेऊन, वेल्शमध्ये धिंगाणा घालत असतील. त्यांच्याकडे पाहून तिथले एक निवृत्त हेडमास्तर शुद्ध वेल्शमध्ये म्हणतील, "गळा बरा आहे. पण आपल्या प्राचीन लॅपटॉपची सर नाही हो याला!"